भूमिगत कोणाला म्हणायचं?

गिटारवाल्या दोघांचा एखादा बँड निघाला की मुंबई-पुण्याचे इंग्रजी पेपर त्याला कौतुकानं 'अंडरग्राउंड' म्हणतात. म्हणजे रेडिओवर न वाजणारं, तिकीट काढून ऐकायचं काहीतरी. शीतल साठे आणि सचिन माळी या नवरा-बायकोच्या जोडीला हे बिरुद कुणी लावत नाही. तो लिहितो, ती डफ घेऊन गाते. आणि ही दोघं जवळपास दोन वर्षं खरोखरच भूमिगत होती.

दोघं पुण्याच्या कबीर कला मंचाची. हा मंच २००२ च्या गुजरात दंगलीनंतर उभा राहिला, हे आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे? घरं आपली जळाली होती, आणि डफ घेऊन रस्त्यावर आली पुण्याच्या वस्त्यांतली दलित-बहुजन पोरं. २०११ मध्ये माओवाद्यांशी संबंध असल्याचा आरोप ठेवून एटीएसनं मंचाच्या लोकांना यूएपीएखाली पकडलं. जोडी गायब झाली. २ एप्रिल २०१३ ला दोघं विधान भवनासमोर स्वतःहून हजर झाली. ही शरणागती नाही, सत्याग्रह आहे, असं त्यांचं म्हणणं. शीतल गरोदर होती, तिला जूनमध्ये हायकोर्टानं जामीन दिला. सचिनला सुप्रीम कोर्टातून जामीन मिळायला जानेवारी २०१७ उजाडला. पावणेचार वर्षं, तीही नुसत्या जामिनासाठी!

आपण काय केलं? हिमायतनगरात चहाच्या टपरीवर हा विषय काढला की दोन उत्तरं येतात. पहिलं, "गाणं-बजावणं आपल्यात हराम." बरं. मग बार्शीच्या मेहबूब हुसेन पटेलांचं, म्हणजे शाहीर अमर शेखांचं नाव संयुक्त महाराष्ट्राच्या भाषणात छाती फुगवून का घेता? (कव्वालीचं तर मी विचारतच नाही.) दुसरं उत्तर जास्त वाईट. "वो उनका मामला है, भाई."

उनका? २०१२ मध्ये याच एटीएसनं आपल्या नांदेडमधून पोरं उचलली. कायदा तोच. त्यातले दोघे २०२१ मध्ये निर्दोष सुटले, जवळपास नऊ वर्षांनी. तेव्हा बाहेरचं कुणीतरी आपल्यासाठी बोलावं, असं आपल्यालाच वाटत होतं ना? बोलणारे जेलमध्ये होते, तेव्हा आपण त्यांची जात-धर्म तपासत बसलो.

पुढे या जोडीनं नवयान महाजलसा काढला. भीमजयंतीला असा जलसा आपल्या तालुक्यात लागला, तर पहिल्या रांगेत टोप्या किती दिसतात, ते मला बघायचंय.