आपल्याच प्रोजेक्टमध्ये झोपा!

आधीच सांगते, मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. मराठी घरात भरपूर बोलते, पण लिहायची सवय नाही. काना-मात्रा चुकल्या तर सांभाळून घ्या. मुद्दा मात्र नीट वाचा, कारण तो आपल्या सगळ्यांच्या मार्कांशी संबंधित आहे.

जुलैमध्ये आम्ही बी.ई.ला जाणार. प्रोजेक्टचा ग्रुप ठरलाय, चौघांचा. परवा कॅन्टीनमध्ये मीटिंग झाली आणि पंधरा मिनिटांत निकाल लागला: ‘रेडीमेड घेऊ.’ अशी दुकानं कुठे आहेत हे सगळ्यांना माहीत असतं. मॉडेल, रिपोर्ट, पीपीटी, आणि वर वायवाचे प्रश्न फ्री! मी एकटी ‘नको’ म्हणाले. ‘का नको?’ या प्रश्नाचं उत्तर मात्र मला तेव्हा धड देता आलं नाही. ते इथे देतेय. त्यासाठी आधी एका ट्रकची गोष्ट सांगावी लागेल.

डिसेंबरमध्ये आम्ही सगळे घरचे गोव्याला गेलो होतो. तिथे माडांच्या सावलीत एक जुना, गोल नाकाचा मर्सिडीज ट्रक उभा दिसला. जर्मन नंबरप्लेट, मागे खिडक्या असलेला चौकोनी बॉक्स, आणि बाहेर दोरीवर वाळत घातलेले कपडे. साठीच्या पुढचं एक जोडपं त्यात राहत होतं. माझ्या कॉन्व्हेंटच्या इंग्लिशचा तेवढाच उपयोग झाला. दहा मिनिटांत त्या आजोबांनी मला ट्रकखाली वाकून बघायला लावलं.

हा ट्रक पूर्वी फायर ब्रिगेडमध्ये होता. जर्मनीत असे ट्रक घेऊन त्यांची घरं बनवणारे पुष्कळ लोक आहेत. फायर ब्रिगेडची गाडी वयाने म्हातारी झाली तरी फार पळालेली नसते, म्हणून तिला मागणी असते. कुणी सैन्याचा जुना युनिमॉग घेतं. गोल नाकाची ही मर्सिडीज मालिका 1959 साली आली. तिच्या 911 मॉडेलचं इंजिन म्हणजे ओएम 352. सहा सिलिंडर, 97 मिमी बोअर, 128 मिमी स्ट्रोक. हे आकडे ओळखीचे वाटतात ना? टाटाच्या 697 इंजिनाचे आकडेही हेच. सहा सिलिंडर आणि 97 बोअर, म्हणून 697! टाटा आणि डाइमलर-बेंझ यांचं सहकार्य 1954 ते 1969 होतं, त्याचा हा वारसा. या इंजिनात ईसीयू नाही, सेन्सर नाही. इंजेक्शन पंप पूर्ण मेकॅनिकल. वाळवंटात बंद पडलं तर लॅपटॉप नाही, पाना लागतो.

पण खरी इंजिनीअरिंग इंजिनात नाही, बॉक्स चेसिसवर कसा बसवलाय त्यात आहे. ट्रकची चेसिस म्हणजे शिडी. दोन लांब सी-सेक्शन आणि मधे आडवे मेंबर. ओपन सेक्शन टॉर्शनमध्ये कमकुवत असतं, हे आपण स्ट्रेंथच्या पेपरात लिहून आलोय. खडबडीत रस्त्यावर एक चाक वर आणि तिरकं समोरचं चाकही वर गेलं की चेसिस पिळवटते. ती तशी पिळली जावी म्हणूनच बनवलेली असते, नाहीतर चाकं जमीन सोडतील. बॉक्स मात्र ताठ. फोमचे सँडविच पॅनल, सहा बाजूंनी चिकटवलेले. हा ताठ बॉक्स चार कोपऱ्यांवर घट्ट बोल्ट केला तर काय होईल? एक तर बॉक्स तडकेल, नाहीतर माउंटिंग तुटेल.

त्यावर उत्तर म्हणजे तीन ठिकाणी टेकवणं. एका टोकाला दोन आधार, दुसऱ्या टोकाला मधोमध एकच पिव्हट. चेसिस खाली पिळत राहते, बॉक्स वर निवांत. आपल्या आजीला हे माहीत होतं. चार पायांचं स्टूल डुगडुगतं, तिवई डुगडुगत नाही. चुलीलाही दगड तीनच. केबिनमधून बॉक्समध्ये जायची वाट ठेवली तर तिथेही कडक जोड चालत नाही, रबरी भाता लावावा लागतो. कारण दोन्ही भाग वेगवेगळे हलतात.

मे महिन्यात मामाकडे कऱ्हाडला गेले. मामाचं ट्रकच्या बॉडी बांधायचं गॅरेज आहे. लहानपणापासून तिथे खेळले, पण कधी खाली वाकून बघितलं नव्हतं. या वेळी बघितलं. चेसिस आणि बॉडी यांच्या मधे लाकडाची पट्टी, आणि वरून यू-बोल्ट. मिस्त्रीचाचांना विचारलं, ‘‘चाचा, वेल्डिंग का नाही करत?’’ ते हसले. ‘‘ताई, चेसिसला अंग मोडू द्यायचं. आवळून बांधलं की कुठंतरी फुटणारच.’’ जर्मन आजोबांना जे सांगायला अर्धा तास आणि एक स्केच लागलं, ते चाचांनी दोन वाक्यांत सांगितलं. आणि मी? मला त्या पेपरात बहात्तर मार्क होते.

आता मुद्दा. त्या आजोबांना आणि चाचांना हे कळतं आणि मला का नाही? ते हुशार आणि मी मठ्ठ म्हणून नाही (असं मी समजते!). त्यांच्या चुका त्यांच्याकडे परत येतात म्हणून. चाचांनी बांधलेली बॉडी तडकली तर ड्रायव्हर तीच गाडी घेऊन गॅरेजच्या दारात उभा राहतो. आजोबा तर आपल्या चुकीतच झोपतात. पहिल्या वर्षी त्यांनी भिंतीतून आरपार स्टीलचे स्क्रू मारले होते. थंडीत दोन माणसं रात्रभर श्वास घेतात, ती वाफ त्या गार स्क्रूंवर जमते आणि पहाटे नेमकी चेहऱ्यावर टपकते. थर्मल ब्रिज म्हणजे काय, हे असं शिकलेला माणूस आयुष्यात विसरणार नाही. तसंच वजनाचं. 200 लिटर पाण्याची टाकी म्हणजे 200 किलो. ती मागच्या ॲक्सलच्याही मागे टांगली तर पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग सांगून टाकतं, ‘बाबा, चुकलास’.

आपल्या प्रोजेक्टची चूक मात्र कुणाकडेच परत येत नाही. एक्स्टर्नल येतात, दहा मिनिटं बघतात, सही करतात. जूनमध्ये तो प्रोजेक्ट लॅबच्या माळ्यावर जातो. तो चालला काय, नाही चालला काय!

तुम्ही म्हणाल, ही श्रीमंत देशातल्या रिटायर्ड लोकांची हौस आहे. मान्य. असा ट्रक 100 किलोमीटरला 20 लिटरच्या पुढे डिझेल पितो, धूरही सोडतो. कित्येक ट्रक तर अर्धवट अवस्थेतच अंगणात गंजतात. आपल्याकडे कायद्याने गाडीत मनाला येईल तसा बदलही करता येत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे, आणि जानेवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानेही ते ठणकावून सांगितलं. रस्त्यावर दुसऱ्यांचा जीव असतो, नियम हवाच. जर्मनीतही इन्स्पेक्टर पास करतो तेव्हाच गाडी रस्त्यावर येते. पलंग, टेबल-खुर्ची, स्वयंपाकाची सोय आणि कपाट पक्कं बसवलंय का, हे तपासून मग कागदावर ‘घर-गाडी’ लिहिलं जातं.

पण मी कुठे म्हणतेय की सगळ्यांनी ट्रक बनवा? मी म्हणतेय, जे बनवाल ते वापरा. गुंथर होल्टॉर्फ नावाच्या जर्मन माणसाने 1988 सालची मर्सिडीज जीप घेतली, मागच्या सीट काढून पलंग केला, आणि 2014 पर्यंत जवळजवळ 9 लाख किलोमीटर जग पालथं घातलं. इंजिन फक्त 88 हॉर्सपॉवरचं. ती गाडी आज स्टुटगार्टच्या म्युझियममध्ये आहे. त्याची डिझाईन काही भारी नव्हती, पण गाडीतला प्रत्येक नट त्याच्या हाताखालून गेलेला होता.

म्हणून माझी एक सूचना आहे. सर, मॅडम, रागावू नका. बी.ई.चा प्रोजेक्ट फेब्रुवारीतच पूर्ण करायला लावा. मग दोन महिने तो कुणीतरी खरोखर वापरू दे. मेसच्या मावशींनी, वर्कशॉपच्या काकांनी, नाहीतर आम्ही स्वतः. काय मोडलं, का मोडलं, कसं दुरुस्त केलं याची वही ठेवू. अर्धे मार्क त्या वहीला. दुकानात मॉडेल मिळतं, रिपोर्ट मिळतो, पण मोडलेल्या वस्तूची वही विकत मिळत नाही.

आमच्या ग्रुपची पुढची मीटिंग सोमवारी आहे. तिघांना हा लेख आधी वाचायला देणार आहे. एकाने जरी बाजू बदलली तरी दोन विरुद्ध दोन होईल. नाहीतर मी एकटी वेगळा प्रोजेक्ट घेईन. लाकडाच्या पट्टीपासून सुरुवात करायला चाचा शिकवायला तयार आहेत.