खांबाचं तोंड खाली करा

रात्रीच्या पाळीची वीज असली की बारा वाजता उसात दारं धरायला जावं लागतं. भिगवण-पळसदेव पट्ट्यात, उजनीच्या काठाला, ज्याची मोटार आहे त्याला हे सांगायला नको. माझ्या वडिलांच्या मनगटाला घड्याळ नव्हतं. मृगाचं तिकांडं कुठवर आलं, बाजलं किती कललं, यावरून ते वेळ सांगायचे. सप्तर्षींना आमच्याकडं म्हातारीची बाज म्हणतात. चार खुरांची बाज आणि ती पळवायला आलेले तीन चोर. गेल्या उन्हाळ्यात नातीला ती दाखवायला अंगणात नेलं. तिन्ही चोर सापडले, पण बाजेचा एक खूर काही दिसेना. तो तारा मुळातच मंद, त्यात चौकातला हायमास्ट थेट डोळ्यांत.

2024 च्या पावसाळ्यात पुणे जिल्ह्यात रात्रीच्या ड्रोनची आवई उठली होती, आठवत असेल. आमच्या वस्तीवरही पोरं काठ्या घेऊन जागायची. एका पहाटे साडेचारला ढग फाटले आणि आरडाओरडा झाला, "ते बघा, पूर्वेला थांबलंय!" मी जाऊन पाहिलं तर गुरू होता. शेजारी तांबूस रोहिणी. रोहिणीच्या पेरणीच्या गप्पा मारणाऱ्या गावाला रोहिणी ओळखू आली नाही, याचं मला हसू आलं आणि नंतर वाईटही वाटलं. आणि आमच्या याच इंदापूर तालुक्यात वालचंदनगरला इस्रोच्या रॉकेटचे भाग बनतात.

मी दिव्यांच्या विरोधात नाही. उसात बिबट्या असतो, बांधावर साप असतो, मोटारीची केबल चोरीला जाते. पोरीबाळी क्लासवरून अंधारात येतात. उजेड पाहिजेच, पण तो पायाखाली. आमच्या चौकातल्या हायमास्टवर आठ फ्लडलाइट आहेत आणि त्यातले सहा जवळपास आडवे बसवलेत. त्यांचा उजेड शेजारच्या पत्र्यांवर, चिंचेच्या शेंड्यावर आणि आभाळात जातो. त्या झोतातून पुढं पाऊल टाकलं की डोळ्यांपुढं काजवे, आणि पुढचा बांध पूर्वीपेक्षा काळा. बिबट्या बसणार तो त्याच काळोखात. म्हणजे बिल पंचायतीनं भरायचं आणि राखण मात्र होत नाही.

उजेडाचा परिणाम शेतकऱ्याला कुणी शिकवायला नको. शेवंतीची फुलं लांबवायला रात्री बल्ब लावतात, ड्रॅगन फ्रूट अवेळी फुलवायलाही लावतात. रस्त्याकडेच्या खांबाखालचं सोयाबीन मात्र कुणी न सांगता हिरवंच राहतं. बाकीचं रान काढणीला आलं तरी तेवढा गोल पट्टा पिकत नाही, कारण त्याला रात्र झाल्याचं कळतच नाही. उजनीवर हिवाळ्यात येणारे पट्टकादंब रात्रीही उडतात. आपल्या झगमगाटानं पाखरांची वाट चुकते, हे जगभर दिसून आलंय.

उपाय आपल्याच राज्यात झालाय. पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी 2024 मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी वाघोली, सिल्लारी, पिपरिया, खापा या गावांतले शंभरावर दिवे बदलून खाली तोंड असलेले बसवले. गावं अंधारात बसली नाहीत. आपलं बारामती-इंदापूर काही जंगल नाही, एमआयडीसी आहे, साखर कारखाने आहेत, तेवढं काळं आभाळ इथं मिळायचं नाही, हे मला कळतं. पण पहाटे भिगवणला फ्लेमिंगो बघायला येणारा पाहुणा दुपारीच परत फिरतो. कुंभारगावच्या काठावर रात्री चार तारे धड दिसले तर तो मुक्कामाला थांबेल, घरच्या बायकांच्या हातची भाकरी खाईल.

येत्या 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेसाठी मी लेखी अर्ज दिलाय. आठही दिव्यांची तोंडं खाली करावीत, अकरानंतर निम्मे बंद ठेवावेत, आणि नवा दिवा घेताना पांढऱ्याफटकऐवजी पिवळसर, 3000 केल्विनच्या आतला घ्यावा. शेजारच्या गावांनीही असा अर्ज द्यावा. पहिल्या दोन कामांना निधी लागत नाही, एक वायरमन आणि एक पाना लागतो.