समुद्रात उडी घेणारी मुलगी आणि तळ्याकाठची सून

दिल्लीतील मराठी मंडळींच्या बैठकीत हल्ली एक तक्रार नेमाने ऐकू येते. गणेशोत्सवाचा मांडव असो की कोणाच्या घरचे हळदीकुंकू असो, चहाचा पेला हाती आला की कोणी ना कोणी सुस्कारा टाकतोच : ‘मुले मराठी वाचत नाहीत ती नाहीतच, आता कोरियातली भुतेखेते आणि प्रेमप्रकरणे इंग्रजीतून वाचत बसली आहेत.’ या तक्रारीला आम्हीही पुष्कळदा मान डोलावली आहे. प्रस्तुत लेख हे त्या मान डोलावण्याचे प्रायश्चित्त समजावे.

फाइलीवर प्रतिकूल शेरा मारण्यापूर्वी निदान फाइल वाचावी, एवढे तरी सरकारी नोकरीने आम्हांस शिकविले आहे. म्हणून आमच्या सोळा वर्षांच्या भाचीच्या उशाशी जे पुस्तक होते ते, तिला चार शब्द सुनावता यावेत या हेतूने, आम्ही मागून घेतले आणि कचेरीच्या जाण्यायेण्यात मेट्रोत बसून वाचले. पुस्तकाचे नाव ‘द गर्ल हू फेल बिनीथ द सी’. लेखिका ॲक्सी ओ या कोरियन वंशाच्या अमेरिकन बाई, प्रकाशनवर्ष २०२२. शेवटचे पान उलटले तेव्हा सुनावण्याचे ते चार शब्द आमच्यापाशी उरले नव्हते.

कथा थोडक्यात अशी. एका देशावर पिढ्यानपिढ्या वादळे कोसळत आहेत. सागरदेव शांत व्हावा म्हणून दरसाल एक सुंदर मुलगी त्याची वधू म्हणून समुद्रात लोटली जाते. या खेपेस पाळी शिम चोंग नावाच्या मुलीची असते. तिच्यावर जीव जडलेल्या तरुणाची धाकटी बहीण मीना ऐन वेळी तिच्याऐवजी स्वतः उडी घेते. पाण्याखाली तिला आत्म्यांची नगरी लागते. तेथे देव शापाने निजलेला आहे. त्याला जागे करावयास तिच्यापाशी फारसे बळ नाही. आहे ते धैर्य आणि आजीने सांगितलेल्या गोष्टी. पुढे प्रेमही आहे, आणि ते सोळा वर्षांच्या वाचकास साजेसे आहे.

यातील शिम चोंग ही लेखिकेच्या कल्पनेतली नव्हे. आंधळ्या बापाला दृष्टी यावी म्हणून बुद्धाला तांदळाची तीनशे पोती अर्पावयाची, आणि त्यासाठी खलाशांच्या हाती समुद्राचा बळी म्हणून स्वतःला विकावयाचे, अशी ही मुलगी कोरियाच्या लोककथेत प्राचीन काळापासून आहे. पान्सोरी नावाच्या गायनाख्यानातून तिची कथा आजही गायिली जाते. ती कमळातून वर येते, राणी होते, आंधळ्यांसाठी मेजवानी घालते आणि तेथे बापाची भेट होऊन त्याचे डोळे उघडतात. कोरियात ही मुलगी पितृभक्तीचा आदर्श आहे. नव्या लेखिकेने त्या आदर्शाला हळूच एक प्रश्न विचारला : दरवेळी मुलीनेच का बुडावे?

आता वाचकांनी क्षणभर आपल्या आजीला आठवावे. आटपाट नगर होते. राजाने तळे बांधले. काही केल्या पाणी लागेना. जळदेवता म्हणाल्या, तुझ्या सुनेचा वडील मुलगा बळी दे. सून कबूल होणार नाही, म्हणून तिला माहेरी पाठविले. मुलाला न्हाऊ घातले, दागिन्यांनी मढविले, पलंगावर निजवून तळ्याच्या मध्यभागी ठेविले. तळे भरले. सून परतली, तळ्याकाठी तिने आपला वसा केला, आणि तिचा मुलगा पाण्यातून परत आला. श्रावणातल्या शिळा सप्तमीची ही कहाणी आमच्या आईने आम्हांस सांगितली, तिला तिच्या आईने. कृष्णेपलीकडे कानडी लोकगीतात हाच प्रसंग अधिक निष्ठुर झाला आहे : तेथे ‘केरेगे हार’मध्ये भागीरथी नावाची सून स्वतःच तळ्याचा बळी ठरते.

तेव्हा परकीय कोण? तळ्याला माणूस द्यावे लागते ही भीती परकीय नव्हे. ती जितकी कोरियाची तितकीच आमची.

येथे एक उत्साही पक्ष लगेच उभा राहील आणि म्हणेल, ‘पाहा, त्यांनी आमचेच घेतले.’ तेराव्या शतकातल्या ‘सामगुक युसा’ या कोरियन ग्रंथात आयुता देशाहून आलेल्या राणीची कथा आहे; आयुता म्हणजे अयोध्या असे मानून २००१ साली अयोध्येत तिचे स्मारकही झाले. हे समीकरण इतिहासकारांत वादग्रस्त आहे, आणि आमच्या मुद्द्यास त्याची गरजही नाही. कोणी कोणाचे घेतले हा प्रश्न नाही. कोणी आपले सांभाळले आणि कोणी गुंडाळून ठेवले, हा प्रश्न आहे.

दुसरा आक्षेप असा की अद्भुत आणि शृंगार हा पोरकट माल आहे. असे म्हणणाऱ्यांनी मराठी कादंबरीची जन्मपत्रिका उघडावी. हळब्यांची ‘मुक्तामाला’ १८६१ची, रिसबुडांची ‘मंजुघोषा’ १८६८ची; दोन्ही अद्भुतरम्यच. पुढे हरिभाऊंनी ‘पण लक्षात कोण घेतो?’ लिहून कादंबरीला वास्तवाची वाट दाखविली, हे उपकार कोणी विसरू नये. परंतु वास्तव घरात आले म्हणून अद्भुताला अंगणाबाहेर काढण्याचे कारण नव्हते. परिणाम समोर आहे. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे संपला की मुलाच्या हाती आपण एकदम ‘मृत्युंजय’ देतो. मधली पायरी बांधण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. पण जिना म्हणावा असे काही उभे राहिले नाही. चौदा ते अठरा या वयाला मराठी ग्रंथव्यवहार पाठ दाखवितो.

कोणी म्हणतील, कहाणी ही व्रताची, पवित्र. तिच्याशी खेळू नये. शिम चोंगच्या कथेतही बुद्धाला अर्पण आहेच. नवी कादंबरी आली म्हणून पान्सोरीचे गायन बंद पडले नाही. सासरा नातवाला पाण्यात ठेवतो हे वाचून ज्यांची श्रद्धा ढळत नाही, त्यांची ती सून बोलू लागल्याने का ढळावी?

फेब्रुवारी २०२५ मध्ये याच दिल्लीत साहित्य संमेलन भरले. १९५४ नंतर राजधानीला हा मान प्रथमच मिळाला, आणि अध्यक्षपदी ताराबाई भवाळकर, लोकसाहित्याच्या व्यासंगी अभ्यासक, होत्या. त्याआधी ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला होता. आम्ही टाळ्या वाजविल्या. पण दर्जा शासन देते, वाचक शासन देत नाही. लाजपतनगरात कोरियन सांस्कृतिक केंद्र २०१२पासून आहे. तेथे आमच्या मुलांना कोणी ओढून नेत नाही, ती आपल्या पायांनी जातात. आमच्या दारात त्यांच्यासाठी काय मांडले आहे, याचा हिशेब आधी द्यावा.

तो हिशेब आम्हांस घरातच मागितला गेला. पुस्तक परत देताना आम्ही भाचीला शिळा सप्तमीची कहाणी सांगितली. तिने ती मन लावून ऐकली आणि विचारले, ‘मामा, माहेरी पाठवताना त्या सुनेला काय सांगितलं? आणि परत आल्यावर ती सासऱ्याला काय म्हणाली?’

आम्हांस सांगता आले नाही. कहाणीत ते नाही. आणि तिला देता येईल असे ते कोणी लिहून ठेविले आहे, असे पुस्तकही आमच्या कपाटात नाही. ज्या दिवशी ते असेल त्या दिवशी आम्ही कोरियाविषयी तक्रार ऐकून घेऊ. तोवर आमच्या मुलांनी समुद्रात उडी घेणाऱ्या त्या मुलीचा हात खुशाल धरावा. तळ्याकाठच्या सुनेपर्यंत तीच त्यांना पोचविते आहे. आम्ही पोचविले नाही.