पत्र्याच्या ट्रंका

बंगळूरुच्या सर्जापूर रोडवर शनिवार-रविवारी कुणाचं ना कुणाचं सामान ट्रकमधून उतरत असतं. आपण नोकरीपायी, मर्जीने इथे आलो. चित्रकार नलिनी मलानींच्या घरच्यांना ती मुभा नव्हती. नलिनींचा जन्म १९४६चा, कराचीतला. पुढच्याच वर्षी फाळणी झाली आणि घर सुटलं. चित्रकलेचं शिक्षण मुंबईत, जे.जे.मध्ये. घरात ऐकलेली फाळणी त्यांच्या कामात पुन्हापुन्हा येते. १९९८च्या पोखरण अणुचाचण्यांनंतर सआदत हसन मंटोच्या ‘टोबा टेक सिंग’ या फाळणीवरच्या कथेवरून त्यांनी व्हिडिओ-मांडणी केली: पत्र्याच्या ट्रंका, आत टीव्हीचे पडदे. मला त्यांचं हेच काम सर्वांत थेट वाटतं. भिंतीवरच्या चित्राकडे नजर टाकून (बहुतेकजण तेच करतात) पुढे सरकता येतं. ट्रंकेत मात्र वाकून डोकवावं लागतं. या अंकातला मुख्य लेख त्यांच्यावर आहे.