‘कोणी केलं?’ की ‘कसं झालं?’



परवा आमच्या चौथीच्या वर्गात भागाकार चालला होता. मी फळ्याकडून वळून बघते तो काय, सगळ्या माना खिडकीकडे! बाहेर विमान चाललं होतं. आमचं द्रोणागिरी म्हणजे बंदराच्या शेजारचं गाव. इथे कंटेनरचे ट्रेलर रात्रंदिवस घरघरतात, त्याची मुलांना सवय आहे. पण उलव्याजवळच्या नव्या विमानतळाचं ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन झालं, त्याच वर्षी नाताळच्या दिवसापासून तिथून प्रवासी विमानं उडू लागली, आणि तेव्हापासून माझ्या भागाकाराचे हाल विचारू नका!

विमान दिसेनासं झालं, तसा मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, विमान पडलं तर पोलीस कोणाला पकडतात?"

बघा हं, प्रश्न कसा होता! ‘विमान का पडतं’ असा नाही, ‘कोणाला पकडतात’ असा. खरं सांगू? मोठी माणसंही आधी हेच विचारतात. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादला विमान कोसळलं आणि त्यातल्या एकाच प्रवाशाचा जीव वाचला, हे तुम्हाला आठवत असेल. त्यानंतर शाळा उघडली तोवर आमच्या नाक्यावर निकाल लागूनही गेला होता. पानवाल्याचा एक, रिक्षावाल्याचा दुसरा. चौकशी करणारे अधिकारी मात्र तेव्हा अवशेषांचे तुकडे मोजत होते. त्यांचा पहिला, म्हणजे केवळ प्राथमिक, अहवाल जुलैत आला.

मग ही माणसं इतका वेळ करतात तरी काय? चला, आपल्या महाराष्ट्रातलीच एक गोष्ट सांगते.

२६ एप्रिल १९९३. भर उन्हाळ्यातली दुपार. औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, चिकलठाणा विमानतळावरून इंडियन एअरलाइन्सचं बोइंग ७३७ मुंबईकडे निघालं. आत ११८ माणसं होती. विमान धावपट्टीवर धावलं, पण जमीन सोडली ती अगदी शेवटच्या टोकाला. त्या टोकापलीकडे बीडचा रस्ता होता, आणि नेमका त्याच वेळी त्या रस्त्यावरून कापसाच्या गाठींनी भरलेला एक ट्रक चालला होता. विमानाचं डावं चाक आणि डाव्या इंजिनाचा खालचा भाग ट्रकवर आदळला. पुढे सुमारे तीन किलोमीटरवर विमान विजेच्या उच्च दाबाच्या तारांना लागलं आणि कोसळलं. ५५ माणसं गेली.

आता सांगा, चूक कोणाची? ट्रकवाल्याची? तो बिचारा रस्त्यानेच चालला होता की!

चौकशी झाली. तिच्यात दोन कारणं निघाली. पहिलं असं, की विमानाचं नाक योग्य वेळी उचललं गेलं नाही आणि उचलण्याची पद्धतही चुकली. धावणाऱ्या विमानाचा वेग ठरावीक आकड्यापर्यंत पोचला की वैमानिकाने नाक वर उचलायचं असतं. उशीर झाला की धावपट्टी संपत येते. त्यातून गरम हवा असते विरळ. पंखांना तिच्यातून आधार कमी मिळतो, म्हणून उन्हाळ्याच्या दुपारी विमानाला जास्त लांब धावावं लागतं. दुसरं कारण असं, की विमान उडण्याच्या वेळी बीडच्या रस्त्यावरची वाहनं थांबवायला हवी होती. ते काम विमानतळ सांभाळणाऱ्यांचं होतं आणि ते झालं नव्हतं.

लक्षात आलं ना? नुसतं ‘वैमानिक चुकला’ म्हणून कागद मिटला असता, तर रस्त्याकडे कोणी पाहिलं असतं का? उद्या दुसरा वैमानिक, दुसरा ट्रक, आणि पुन्हा तेच. अपघात बहुतेक वेळा एका चुकीने होत नाही. दोन-तीन लहानमोठ्या चुका एका रांगेत येऊन उभ्या राहतात, तेव्हा होतो. आणि त्यातली एक जरी काढून टाकली, तरी टळतो!

"पण बाई, विमानाचा चुराडा झाल्यावर हे सगळं कळतं कसं?" हा पुढचा प्रश्न पुढच्या बाकावरून आला. त्याचं उत्तर म्हणजे ब्लॅक बॉक्स. नाव काळ्या पेटीचं, पण रंग भडक नारिंगी, ढिगाऱ्यात चटकन दिसावा म्हणून. या पेट्या दोन असतात. एक विमानाचा वेग, उंची, दिशा वगैरे टिपते. दुसरी वैमानिकांच्या खोलीतले आवाज टिपते. त्या ११०० अंश सेल्सिअसच्या आगीत तासभर टिकतील अशा बनवतात. समुद्रात बुडाल्या तर टिक्‌ टिक्‌ असा संदेशही पाठवत राहतात. ही कल्पना ऑस्ट्रेलियाच्या डेव्हिड वॉरन या शास्त्रज्ञाची. तो नऊ वर्षांचा असताना, म्हणजे जवळजवळ तुमच्याच वयाचा, त्याचे वडील १९३४ मध्ये विमान अपघातात गेले. मोठेपणी, १९५०च्या दशकात, विमानातले आवाज टिपून ठेवणारं यंत्र त्यानेच तयार केलं.

या पेटीने काय काय सांगितलं आहे, त्याचं उदाहरण आपल्या उरणपासून फार दूर नाही. १ जानेवारी १९७८ च्या रात्री एअर इंडियाचं ‘सम्राट अशोक’ हे जंबो जेट मुंबईहून दुबईला निघालं. दोन मिनिटांच्या आतच ते वांद्र्यासमोरच्या समुद्रात कोसळलं. २१३ माणसं होती, एकही वाचलं नाही. सुरुवातीला लोक म्हणाले, घातपात असणार! पण समुद्रातून काढलेल्या पेटीत कॅप्टनचा आवाज निघाला. आपल्या उपकरणाला काहीतरी झालंय, अशा अर्थाचं तो बोलत होता.

विमान किती कललं आहे हे दाखवणारं एक उपकरण असतं. कॅप्टनसमोरचं ते उपकरण बिघडलं होतं. विमान सरळ झालं तरी ते उजवीकडे कललेलंच दाखवत राहिलं. मग कॅप्टनने ते डावीकडे वळवलं, आणखी वळवलं. बाहेर काळोख, खाली काळा समुद्र, क्षितिज दिसेना. तुम्ही अंगणात गोल गोल फिरून एकदम थांबता, तेव्हा अंगण फिरतंय असं वाटतं ना? काळोखात आपलं शरीर आपल्याला असंच फसवतं. खरी हळहळ पुढेच आहे. तशीच आणखी दोन उपकरणं तिथे होती. शेवटी शेवटी फ्लाइट इंजिनियरने त्या बिघडलेल्यावर विसंबू नका, असं सुचवलंही होतं. पण तोवर उशीर झाला होता.

म्हणून आता वैमानिकांना दोन गोष्टी घोटून घोटून शिकवतात. एक, एकाच उपकरणावर विश्वास टाकायचा नाही, दुसऱ्याशी ताडून पाहायचं. आणि दोन, कॅप्टन चुकतोय असं वाटलं तर हाताखालच्याने स्पष्ट बोलायचं, आणि कॅप्टनने ते ऐकायचं. ‘मी मोठा, तू गप्प’ हे विमानात चालत नाही! १९८०च्या दशकापासून याचं रीतसर शिक्षण देतात.

असंच हरियाणात चरखी दादरी इथे १२ नोव्हेंबर १९९६ रोजी दोन विमानं आकाशात एकमेकांवर आदळली आणि ३४९ माणसं गेली. त्यानंतर भारतात येणाऱ्या-जाणाऱ्या विमानांत टक्कर टाळणारं यंत्र सक्तीचं झालं. दोन विमानं फार जवळ आली की ही यंत्रं आपसात बोलतात आणि एका वैमानिकाला ‘वर जा’ तर दुसऱ्याला ‘खाली जा’ असं सांगतात.

या सगळ्या चौकश्यांमागे जगभराने मान्य केलेला एक नियम आहे. तो असा, की अपघाताच्या चौकशीचा हेतू एकच, पुन्हा अपघात होऊ नये हा. कोणाला दोषी ठरवणं हे तिचं काम नाही. गुन्हा असेल तर त्यासाठी पोलीस आणि न्यायालय वेगळं आहे. भारतात हे चौकशीचं काम करणारी स्वतंत्र संस्था २०१२ पासून आहे.

हे वाचून तुम्ही म्हणाल, बाई, ठीक आहे, पण आमचा काय संबंध? आम्ही थोडेच विमान चालवतो! थांबा. आता मी माझी स्वतःची एक चूक सांगते. सांगायला बरं वाटत नाही, पण सांगते.

गेल्या पावसाळ्यात आमच्या वर्गातला एक मुलगा कोपर खरचटलेलं, गणवेश चिखलाने माखलेला, असा शाळेत आला. मी विचारलं, "कुठे पडलास?" तो म्हणाला, "घराच्या जिन्यावर." मी म्हटलं, "लक्ष कुठे असतं रे तुझं?" कोपराला औषध लावलं आणि हजेरी घेतली. झालं!

आठ दिवसांनी तिसरीतली एक मुलगी पडली. तिचा हात मोडला. प्लॅस्टर घालून ती शाळेत आली आणि म्हणाली, "बाई, तो दादासुद्धा तिथेच पडला होता."

मी त्या मुलाला जवळ बोलावलं. या वेळी ओरडले नाही. तो खाली मान घालून म्हणाला, "बाई, मी जिन्यावर नव्हतो पडलो. रस्त्यावर पडलो. मागून ट्रेलर आला, मी उडी मारली. खरं सांगितलं असतं तर तुम्ही ओरडला असता. घरी सायकल बंद केली असती."

मुलांनो, त्या रात्री मला झोप लागली नाही. मी पहिल्याच दिवशी नीट विचारलं असतं, तर त्या मुलीचा हात वाचला असता.

दुसऱ्या दिवशी भागाकार बाजूला ठेवला आणि वर्गाने चौकशी केली, अगदी विमानाची करतात तशी. फळ्यावर नकाशा काढला. एकच नियम केला. ‘कोणी’ हा शब्द कोणी वापरायचा नाही, फक्त ‘कसं’ आणि ‘का’. मग कारणं निघायला लागली. पदपथावर डबकं साचतं, म्हणून मुलं रस्त्यावर उतरतात. कडेला ट्रेलर उभे असतात, म्हणून आणखी आत, रस्त्याच्या मधल्या बाजूला, जावं लागतं. उभ्या ट्रेलरमुळे मागून येणारी गाडी दिसत नाही, आणि त्या ड्रायव्हरलाही मूल दिसत नाही. शाळेला उशीर झाला की मुलं पळतात. चार कारणं झाली. मी विचारलं, "आणखी काही?" तर पहिल्या बाकावरच्या मुलीने उठून सरळ फळ्यावर पाचवं कारण लिहिलं, ‘बाई ओरडतात म्हणून आधी सांगितलं नाही.’

वर्ग चिडीचूप. मी ते पुसलं नाही.

मग काय केलं? पालकांना बोलावलं, नकाशा दाखवला. मुलं आता घोळक्याने मागच्या गल्लीतून येतात, थोडं लांब पडतं तरी. डबकं पालकांनीच खडी टाकून बुजवलं. ट्रेलर काही हटले नाहीत. त्यासाठी अर्ज दिलाय, पाठपुरावा चालू आहे. आणि वर्गात एक वही टांगली आहे. तिचं नाव ‘थोडक्यात वाचलो वही’. पडता पडता वाचलात, धक्का लागता लागता राहिला, तर त्यात लिहायचं. नाव लिहिलं नाही तरी चालतं. आणि लिहिणाऱ्याला ओरडायचं नाही, हा नियम माझ्यासाठी!

ही कल्पना माझी नाही बरं का. विमानवाल्यांचीच आहे. अमेरिकेत १९७६ पासून वैमानिक आपली चूक किंवा थोडक्यात टळलेला अपघात गुपचूप लिहून कळवू शकतात. ते पत्र ‘नासा’ ही संस्था वाचते आणि लिहिणाऱ्याचं नाव कोणाला सांगत नाही. आपल्या देशातही आपणहून कळवण्याची सोय आहे. कारण अपघात झाल्यावर शिकायचं ते माणसं गमावून. थोडक्यात टळल्यावर शिकायचं ते फुकटात!

आईबाबांनो, दोन शब्द तुमच्यासाठी. दुधाचं पातेलं सांडलं की आपल्या तोंडून पहिला शब्द ‘कोणी?’ असाच निघतो. माझ्याही निघतो. पण त्या शब्दासरशी मूल खरं आत गिळतं, आणि मग पातेलं उद्या पुन्हा सांडतं. म्हणून आधी ‘कसं सांडलं रे?’ असं विचारून पाहा. मुद्दाम केलेल्या खोडीची गोष्ट वेगळी, तिथे रागवाच. पण चुकून झालेल्याला आधी ऐकून घ्या.

आणि मुलांनो, या आठवड्याचा उद्योग. घरात किंवा शाळेत घडलेली एक ‘थोडक्यात वाचलो’ घटना निवडा. तिची निदान तीन कारणं शोधा. एकच मिळालं तर समजा, चौकशी अर्धीच झाली. मग त्यातलं कोणतं कारण तुम्ही स्वतः आजच दूर करू शकता, त्याच्याभोवती लाल पेन्सिलीने गोल करा. आणि ते करून टाका.

आमच्या वर्गात परवा एकाने वहीत लिहिलं, ‘बाईंची खुर्ची डुगडुगते. बाई थोडक्यात वाचल्या.’ शिपाईमामांनी दुसऱ्या दिवशी पायाला खिळा मारला!

पुढच्या आठवड्यात भेटूच.

तुमच्या,
बाई