एकोणिसाव्या वर्षी कृतघ्न

एप्रिल उजाडला की अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलच्या चाहत्यांना एकच उद्योग उरतो. पुढच्या वर्षीचा संघ कागदावर मांडायचा. कोण एनबीएच्या ड्राफ्टला जाणार, कोण थांबणार, कोण दुसऱ्या कॉलेजात उडी मारणार, शाळेतून येणारा नवा उंच पोरगा कुठे खेळवायचा. मास्टर्ससाठी दोन वर्षं तिकडे होतो तेव्हापासून हा नाद मलाही आहे. इंजिनियर माणसाला अशी आकडेमोड आवडणारच. संताप येतो तो त्या आकडेमोडीत हळूच मिसळलेल्या नीतिपाठाचा. अमुक पोरगा एकाच वर्षात गेला म्हणून कृतघ्न, तमुक थांबला म्हणून निष्ठावान. हा न्याय देणाऱ्यांत पन्नाशीची, नोकरदार, चार कंपन्या बदललेली माणसं असतात आणि आरोपी एकोणीस वर्षांचा असतो.

ज्यांनी हा खेळ कधी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. केविन गार्नेट १९९५ मध्ये, कोबी ब्रायंट १९९६ मध्ये आणि लेब्रॉन जेम्स २००३ मध्ये शाळेतून थेट एनबीएत गेले. तिघांचंही कॉलेजवाचून काही अडलं नाही. पण शाळकरी मुलांवर लावलेले सगळेच डाव क्लबमालकांना फळले नाहीत. तेव्हा २००५ च्या करारात एनबीए आणि खेळाडूंच्या संघटनेनं नियम केला, की ड्राफ्टच्या वर्षात वयाची १९ पूर्ण हवीत आणि अमेरिकन मुलाची शाळा सुटून एनबीएचा एक हंगाम उलटलेला हवा. त्या करारात शाळकरी मुलाच्या वतीनं बोलणारं कोणी नव्हतं. झालं, कॉलेज म्हणजे एक वर्ष काढायची धर्मशाळा बनली. 'वन-अँड-डन' हा शब्द तिथून रुळला. ज्या पोराला नियमानं धर्मशाळेत उतरवलं, त्यानं सकाळी गाठोडं उचललं की आपण त्याला विचारतो, घर सोडून कुठे चाललास?

या व्यवस्थेचा सर्वांत चोख वापर केंटकी विद्यापीठानं केला. २०१२ मध्ये त्यांनी विजेतेपद मिळवलं आणि त्याच वर्षी त्यांचे सहा खेळाडू ड्राफ्टमध्ये निवडले गेले. अँथनी डेव्हिस पहिला, मायकल किड-गिलख्रिस्ट दुसरा, दोघंही पहिल्याच वर्षाचे विद्यार्थी. पुढच्या हंगामात सगळी मदार नर्लेन्स नोएल या नव्या मुलावर. फेब्रुवारी २०१३ मध्ये फ्लोरिडाविरुद्ध खेळताना त्याच्या गुडघ्याचा लिगामेंट फाटला. केंटकीला मुख्य स्पर्धेत जागाही मिळाली नाही, आणि दुय्यम स्पर्धेत रॉबर्ट मॉरिससारख्या छोट्या विद्यापीठानं पहिल्याच फेरीत घरी पाठवलं. चाहते हळहळले ते या पराभवासाठी. नोएलचं काय झालं? ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकाचा दावेदार मानला जाणारा हा मुलगा सहावा गेला. पहिल्या फेरीचे पगार क्रमांकानुसार ठरलेले असतात, म्हणजे हे पाच क्रमांक थेट त्याच्या खिशातून गेले. केंटकीचा एक हंगाम वाया गेला आणि पुढच्या वर्षी नव्या मुलांनिशी ते पुन्हा अंतिम सामन्यात होते. त्या मुलाकडे गुडघे दोनच होते.

आता त्या कागदावरच्या संघाकडे वळू. कॉलेज संघाला वर्षानुवर्षं तेरा शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती. (२०२५ च्या न्यायालयीन तडजोडीनंतर ती पंधरा खेळाडूंवर गेली.) वसंतात यादी करायला बसलं की नावं भरतात चौदा किंवा पंधरा, कारण प्रशिक्षकानं नवी मुलं आधीच कबूल करून ठेवलेली असतात. मग चर्चा सुरू होते, 'हिशेब जमत नाही, कोणाला तरी जावं लागेल.' हा कोणीतरी कोण? बाकावर बसणारा, सामन्याला चार मिनिटं मिळणारा तिसऱ्या वर्षाचा मुलगा. त्याची शिष्यवृत्ती परंपरेनं एकेका वर्षाची. नूतनीकरण करायचं की नाही हे संघ ठरवणार. प्रशिक्षक त्याला केबिनमध्ये बोलावतो, 'इथे तुला खेळायला मिळणं अवघड आहे' असं समजावतो, आणि महिन्याभरात तो मुलगा एखाद्या छोट्या कॉलेजात दिसतो. यावर कोणी उसासा टाकत नाही. उलट जागा मोकळी झाली म्हणून यादी पुन्हा उत्साहानं मांडली जाते. आमच्या आयटीत माणसाला रिसोर्स म्हणतात आणि प्रोजेक्ट नसेल तर बेंचवर बसवतात, त्यामुळे ही भाषा मला परकी वाटत नाही. फक्त आमच्याकडे बेंचवरच्याला काढताना कोणी निष्ठेवर प्रवचन देत नाही, तेवढी लाज बाळगतात.

माझा मुख्य मुद्दा इथे आहे. ज्या संध्याकाळी चाहता 'पहिल्या वर्षाच्या हिऱ्यानं थांबायला हवं होतं' म्हणतो, त्याच संध्याकाळी तो 'तेराव्यानं आता निघावं' असंही म्हणतो. म्हणजे त्याला निष्ठा हवीच नसते. हवा असतो उपयोगी माणूस, आणि त्या गरजेला तो निष्ठा हे भारदस्त नाव देतो.

प्रशिक्षकांना हा नियम लागू होत नाही, हे वेगळं सांगायला नको. जॉन कॅलिपारी २००९ मध्ये मेम्फिस सोडून केंटकीला आले. २०१९ मध्ये त्यांनी केंटकीशी केलेला करार 'आजीवन' म्हणून गाजला. एप्रिल २०२४ मध्ये ते आर्कान्सॉला गेले. पूर्वी खेळाडूनं कॉलेज बदललं तर त्याला एक वर्ष बाहेर बसावं लागे. ही अट २०२१ मध्ये सैल झाली. प्रशिक्षकाला ती कधीच नव्हती, तो सोमवारी सही करून मंगळवारी नव्या रंगाचा टी-शर्ट घालून पत्रकारांपुढे बसू शके.

आणि पैसा? २०१० मध्ये पुरुषांच्या वार्षिक स्पर्धेचे प्रक्षेपण हक्क १४ वर्षांसाठी १०८० कोटी डॉलरना विकले गेले. तेव्हा खेळाडूला शिष्यवृत्तीपलीकडे पगार म्हणून छदाम घेण्याची मुभा नव्हती. २०१४ मध्ये कनेटिकटला विजेतेपद मिळवून देणारा शबाझ नेपियर पत्रकारांना म्हणाला, की काही रात्री आपण उपाशी झोपतो. हा चार वर्षं थांबलेला खेळाडू, म्हणजे चाहत्यांच्या भाषेत निष्ठेचा पुतळा. त्यानंतर काही दिवसांत कॉलेज क्रीडा संघटनेनं खेळाडूंना पोटभर जेवू घालायची परवानगी कॉलेजांना दिली. परवानगी! निष्ठेचं फळ हे.

यावर नेहमीचा प्रतिवाद शिक्षणाचा. पदवी अर्धवट सोडली, आयुष्याचं काय? मला ही काळजी खरी वाटली असती, जर व्हिन्स कार्टरचं उदाहरण डोळ्यांसमोर नसतं. तो १९९८ मध्ये नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठ तिसऱ्या वर्षानंतर सोडून गेला, आणि एनबीए खेळता खेळता त्यानं पदवी पूर्ण केली. मे २००१ मध्ये पदवीदान समारंभ नेमका टोरंटो विरुद्ध फिलाडेल्फिया मालिकेच्या सातव्या, निर्णायक सामन्याच्या दिवशी आला. सकाळी समारंभाला हजेरी लावून तो विमानानं फिलाडेल्फियाला पोचला आणि सामना खेळला. अखेरच्या क्षणी त्याचा फेक चुकला, टोरंटो एका गुणानं हरलं. मग लोक काय म्हणाले? समारंभाला जायची गरजच काय होती! पदवी सोडली तर उतावळा, पदवी घेतली तर बेजबाबदार.

दुसरा प्रतिवाद जास्त वजनदार आहे. पुष्कळ मुलं ड्राफ्टला नाव देतात आणि कोणीच निवडत नाही. दोन फेऱ्यांत मिळून जागा साठच्या आसपास. पहिल्या फेरीतल्याला दोन वर्षांच्या पगाराची हमी, दुसऱ्या फेरीत तीही नाही. खरं आहे, काही मुलं फसतात. पण चाचपणी करून परत येण्याची पुरेशी सवड या मुलांना मिळाली ती २०१६ पासून. त्याआधी एनबीएच्या जाणकारांचं नीट मत कळण्याआधीच परतीची मुदत संपून जायची. आंधळ्या विहिरीत उडी मारायला लावायची आणि मग पोहता येत नाही म्हणून हसायचं, यातला प्रकार.

उरलासुरला वाद २०२१ नंतरच्या घडामोडींनी मिटवला आहे. त्या वर्षी जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयानं अल्स्टन खटल्यात नऊ विरुद्ध शून्य असा निकाल खेळाडूंच्या बाजूनं दिला, आणि जुलैपासून त्यांना स्वतःच्या नावावर नि चेहऱ्यावर पैसे कमावता येऊ लागले. २०२५ पासून विद्यापीठं स्वतःच वर्षाला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत रक्कम खेळाडूंत वाटू शकतात. परिणाम? ड्राफ्टला लवकर नाव देणाऱ्यांची संख्या त्यानंतर घसरली. दुसऱ्या फेरीत जेमतेम निवडला जाईल असा मुलगा आता खुशाल कॉलेजात थांबतो. ही नवी पिढी अचानक सुसंस्कृत झाली काय? तीच वयं, तीच कॉलेजं. मोबदला मिळू लागला तेव्हा काहींचे पाय थांबले, एवढंच. ज्याला आपण वीस वर्षं चारित्र्याचा प्रश्न म्हणत होतो तो बऱ्याच अंशी न दिलेल्या मजुरीचा प्रश्न होता.

आमच्या क्षेत्रात तर उलटाच रिवाज आहे. बिल गेट्सनं १९७५ मध्ये हार्वर्ड सोडलं, मार्क झुकरबर्गनं २००४ मध्ये. दोघांनाही हार्वर्डनं पुढे सन्मानानं बोलावून मानद पदव्या दिल्या, २००७ आणि २०१७ मध्ये. आपल्याकडच्या इंजिनियरिंग कॉलेजांच्या गेटवर प्लेसमेंट झालेल्यांचे फोटो आणि पॅकेजचे आकडे फ्लेक्सवर झळकतात. मुलगा चांगल्या ठिकाणी गेला हेच कॉलेजचं यश. मग अँथनी डेव्हिस पहिल्या क्रमांकावर निवडला गेला, तर ती जगातली बहुधा सर्वोत्तम कॅम्पस प्लेसमेंट नव्हे काय? कोडिंग करणाऱ्यानं कॉलेज सोडलं तर दूरदृष्टी, आणि चेंडू टाकणाऱ्यानं सोडलं तर कृतघ्नपणा, हा फरक कशावरून ठरतो? त्या चेंडू टाकणाऱ्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय असतात, याचा विचार ज्याचा त्यानं करावा.

तेव्हा एप्रिलमध्ये याद्या जरूर मांडा. मीही मांडणार आहे, एक्सेलची फाईल तयार आहे. फक्त जाणाऱ्याच्या नावापुढे 'गेला' एवढंच लिहू, 'सोडून गेला' नको. आणि निष्ठेचा रकाना ठेवायचाच असेल, तर त्यात पहिली नोंद विद्यापीठाची करू, दुसरी प्रशिक्षकाची. तेराव्या मुलाला कोणी, कधी, काय सांगून वाटेला लावलं हेही तिथेच लिहू. मग खाली जागा उरलीच, तर एकोणीस वर्षांच्या पोराचं बघू.