आजोबांचा शेअर

पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटलांनी 1923 ला लोणीत पतपेढी काढली, शेतकरी सावकाराच्या तावडीतून सुटावा म्हणून. पुढं धनंजयराव गाडगीळांच्या साथीनं शेतकऱ्यांच्या शेअरवर 1950 ला प्रवरेचा साखर कारखाना उभा केला. ते बघून जिल्ह्यात कारखाने निघाले. आमच्या आजोबांनीही शेअर घेतला, त्यासाठी आजीनं डोरलं मोडलं. वडलांनी तो जपला, आज माझ्या नावावर आहे.

माझं मत स्पष्ट आहे. वर्षश्राद्धाला फ्लेक्स लावला, फोटोला हार घातला म्हणजे आठवण झाली असं नाही. कारखान्याचा अहवाल वाचा, वार्षिक सभेला जा, उसाचा भाव कसा धरला ते विचारा. आजोबांनी आपल्याला मालक करून ठेवलंय, नुसता ऊस घालणारा नाही.